बांधावरचा तरवड : त्याचा खरा गुण कोणता ?

भाद्रपद सरून आश्विन लागला म्हणजे आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील माळ, गाडीवाटांच्या कडा व शेतांचे बांध तरवडाच्या पिवळ्या फुलांनीं उजळून निघतात. नवरात्रांत मुलें सकाळींच हीं फुलें परडींत भरून आणतात आणि घरोघरीं घटावर त्यांची माळ चढते. मलकापुराकडून राजूर घाट चढून बुलढाण्यास येणाऱ्या वाटसरूस हें झुडूप नवें नाहीं. घाटाखालच्या शेतकऱ्यासही तें तितकेंच ओळखीचें आहे. परंतु जी वस्तु नित्य डोळ्यांपुढें असते तिचा विचार आपण क्वचितच करतों. तरवडाची गत तीच झाली आहे. एक शेतकरी त्यास निरुपयोगी समजून बांधावरून मुळासकट खणून काढतो. दुसरा म्हणतो, “शेंगेचें झाड आहे, तेव्हां जमिनीस नत्र देतच असेल,” आणि त्याची राखण करतो. आमच्या मतें पहिल्याची कृति चुकीची आहे. दुसऱ्याची कृति योग्य आहे, परंतु तिचें कारण चुकीचें आहे. आणि शेतीच्या धंद्यांत कारण चुकलें म्हणजे आज ना उद्यां हिशेबही चुकतो. म्हणून तरवड आपणांस काय देतो व काय देत नाहीं, हें या लेखांत स्पष्ट करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ओळख

तरवड हें अनेक वर्षें टिकणारें, बुंध्यापासून पुष्कळ फांद्या फुटणारें झुडूप होय. त्याची उंची सामान्यतः कंबरेपासून पुरुषभर असते. पान संयुक्त असून मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांस बहुधा आठ ते बारा जोड्या पत्रकांच्या असतात. पानाच्या देठाच्या तळाशीं कानाच्या पाळीसारखीं दोन रुंद उपपर्णें असतात, आणि हीच या झुडुपाची सर्वांत सोपी खूण आहे. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५३ सालीं यास ‘कॅशिया ऑरिक्युलाटा’ म्हणजे ‘कानवाला कॅशिया’ असें नांव दिलें, तें या उपपर्णांवरूनच. हल्लीं वनस्पतिशास्त्रज्ञ त्याची गणना ‘सेन्ना’ या प्रजातींत करतात. शेंगा चपट्या, कागदासारख्या पातळ व वाळल्यावर फिकट तपकिरी होतात.

टाकळा, कासविंदा, सोनामुखी व बाहवा हे सर्व तरवडाचे भाऊबंद असून सर्वांचीं फुलें पिवळीं असल्यामुळें नवख्याचा घोटाळा होतो. टाकळा पावसाळ्यांत उगवून हिंवाळ्यांत वाळतो. बाहव्याचा वृक्ष होतो. तरवड मात्र उन्हाळ्याच्या कडाक्यांतही बांधावर हिरवा राहतो. आमच्या शेजारच्या तेलंगण राज्यांत यास ‘तंगेडु’ म्हणतात. तेथील बतुकम्माच्या सणांत या फुलांस मोठा मान असून २०१४ सालीं त्या राज्यानें तंगेडूच्या फुलास राज्यपुष्प ठरविलें.

नत्राविषयींचा समज

तूर, हरभरा, मूग, उडीद हीं पिकें घेतल्यानें जमिनीचा कस राहतो, हें आपल्या वाडवडिलांस अनुभवानें ठाऊक होतें. त्याचें शास्त्रीय कारण मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उलगडलें. १८८६ सालीं हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनीं असें दाखविलें कीं, कडधान्यांच्या मुळांवर ज्या गांठी असतात त्यांच्या योगें हवेंतील नत्र त्या पिकांस मिळतो. पुढें १८८८ सालीं बायरिंक या डच शास्त्रज्ञानें त्या गांठींतील जंतु निराळे वाढवून दाखविले. तेव्हांपासून ‘शेंगेचें झाड म्हणजे नत्राचें झाड’ असें एक सुटसुटीत सूत्र पुस्तकांतून व व्याख्यानांतून सर्वत्र पसरलें.

परंतु हें सूत्र जितकें सुटसुटीत आहे तितकें खरें नाहीं. शिंबावर्ग फार मोठा असून त्याच्या सर्व शाखांस ही शक्ति लाभलेली नाहीं. वाटाणा, हरभरा, तूर, ताग यांचें फूल पहावें : त्याची एक पाकळी वर पताकेसारखी उभी, दोन बाजूंस पंखांसारख्या व दोन खालीं होडीसारख्या जुळलेल्या असतात. तरवडाचें फूल तसें नसतें. त्याच्या पांचही पाकळ्या मोकळ्या व जवळजवळ सारख्या असतात. ही शाखा निराळी आहे आणि या शाखेंतील पुष्कळ झाडांच्या मुळांवर गांठी धरत नाहींत. तरवड, टाकळा, बाहवा व चिंच हीं सर्व त्यांपैकींच होत. केवळ फुलावरून मात्र निश्चित निर्णय करूं नये. कारण बाभळीचें फूल गोंड्यासारखें, अगदींच निराळें असूनही तिच्या मुळांवर गांठी येतात. खरा निर्णय मुळांजवळच होतो.

हा निर्णय प्रत्येक शेतकऱ्यास स्वतःच्या शेतांत, एक पैसाही खर्च न करतां, करून पाहतां येईल. श्रावण-भाद्रपदांत जमीन ओली असतांना तुरीचें किंवा उडदाचें एक झाड निवडावें. तें ओढून उपटूं नये, कारण तसें केल्यास गांठी मातींतच तुटून राहतात. खुरप्यानें भोंवतालची माती सैल करून झाड ढेकळासकट काढावें व पाण्याच्या बादलींत मुळ्या हळूच धुवाव्या. मुळ्यांवर बाजरीच्या किंवा ज्वारीच्या दाण्याएवढ्या गांठी दिसतील. त्यांतील एखादी नखानें फोडली असतां आंत गुलाबी-तांबूस रंग दिसला, तर ती गांठ काम करीत आहे असें समजावें; आंतून हिरवट किंवा मातकट असेल, तर तिचें काम थांबलें आहे. याच रीतीनें बांधावरील तरवडाचें एखादें कोंवळें रोप काढून त्याच्या मुळ्या धुवून पहाव्या. सोटमूळ खोल गेलेलें दिसेल, परंतु गांठी दिसणार नाहींत. मुलांस शाळेंत हा प्रयोग करून दाखविण्यासारखा आहे.

तरवडाचा पाला व हिरवें खत

येथें कोणी म्हणेल कीं, तरवडाचा पाला शेतांत टाकल्यानें पीक चांगलें येतें, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. तें खरें आहे. दक्षिणेकडे भातखाचरांत तरवडाचा पाला तुडविण्याची चाल जुनीच आहे. कोणताही हिरवा पाला कुजला म्हणजे त्यांतील नत्र, स्फुरद व पालाश पिकास मिळतात आणि जमिनीस सेंद्रिय अंश मिळतो. प्रश्न एवढाच कीं, तो नत्र तरवडानें आणिला कोठून ? तुरीनें आपला बराच नत्र हवेंतून घेतला. तरवडानें सगळा बांधाच्या मातींतून, खोल मुळांनीं उपसून घेतला. म्हणजे तरवडाचा पाला शेतांत टाकणें हें एका खिशांतून काढून दुसऱ्या खिशांत घालण्यासारखें आहे. जो खिसा एरवीं उघडलाच गेला नसता त्यांतून काढला, एवढाच लाभ. आणि तोही लहान नाहीं. परंतु त्यानें घरांत नवी कमाई आली असें होत नाहीं.

म्हणून ज्यांच्या बांधावर तरवड आहे त्यांनीं कडधान्याची फेरपालट सोडूं नये. कापसामागून कापूस किंवा सोयाबीनमागून सोयाबीन घेत राहून ‘बांधावर तरवड आहेच’ अशी मनाची समजूत घालणें घातक होय. नवा नत्र हवा असल्यास ताग पेरून फुलावर येतांच गाडावा, कापसांत तुरीचे किंवा मुगाचे तास ठेवावे, अथवा बांधावर गिरिपुष्पाचीं झाडें लावावीं. गिरिपुष्पाच्या मुळांवर गांठी येतात व त्याचा पालाही मऊ असून लवकर कुजतो. तरवडाच्या पानांत व सालींत तुरट द्रव्य पुष्कळ असल्यामुळें जून पाला कुजण्यास वेळ लागतो. याकरितां श्रावणांत कोंवळे शेंडे छाटावे व ते शेणाबरोबर खताच्या खड्ड्यांत थरांनीं घालावे, हें उत्तम.

माती धरून ठेवणें हाच मुख्य गुण

आतां तरवडाच्या खऱ्या गुणाकडे वळूं. आमच्या जिल्ह्याचे अजिंठ्याच्या डोंगररांगेनें दोन भाग पाडले आहेत. घाटाखालीं पूर्णेच्या खोऱ्यांत खोल काळी जमीन, तर घाटावर चिखली, मेहकर, बुलढाणा या बाजूस पुष्कळ ठिकाणीं उतारावरची हलकी जमीन, खालीं मुरूम व त्याखालीं काळा पाषाण. आमचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत व त्यांतही मोजक्या दिवसांत पडतो. मोठी सर आली म्हणजे उतारावरचें पाणी माती घेऊन धांवतें. एक एकर शेतावरून केवळ एक मिलिमीटर जाडीचा, म्हणजे नखाइतका, थर गेला तरी सुमारें चार घनमीटर माती जाते. तिचें वजन पांच टनांच्या आसपास भरतें, म्हणजे दहा बैलगाड्या भरतील इतकी माती ! चोरानें धान्याचें एक पोतें नेलें तर आपण गांव जागा करतों. दहा गाड्या माती रात्रींतून जाते आणि सकाळीं आपणांस तिचा मागमूसही लागत नाहीं.

२०१८ सालीं भारतीय जैन संघटनेच्या सहकार्यानें आमच्या जिल्ह्यांत तलाव-नाल्यांतील गाळ काढण्याची मोठी मोहीम झाली व शेतकऱ्यांनीं तो गाळ आपल्या शेतांत नेऊन पसरला. काम स्तुत्यच झालें. परंतु तो गाळ तलावांत आला कोठून, हा प्रश्न आपण स्वतःस विचारला पाहिजे. तो आमच्याच शेतांतून गेला होता. शेतांतून गेलेली माती यंत्रानें उपसून, वाहनानें वाहून पुन्हां शेतांत आणावयाची, आणि बांध उघडे ठेवून पुढच्या पावसांत ती पुन्हां तलावांत जाऊं द्यावयाची, हा व्यवहार कोणासही परवडणारा नाहीं.

मातीचा बांध घातला म्हणजे काम झालें असें पुष्कळांस वाटतें. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांत दुष्काळी कामांवर बांधबंदिस्ती मोठ्या प्रमाणावर झाली. परंतु उघडा बांध दरवर्षीं थोडाथोडा विरघळतो. त्यास उंदीर-घुशी पोखरतात, गुरांच्या खुरांनीं त्याच्या कडा ढांसळतात आणि एकदां खांड पडली कीं सबंध शेताचें पाणी त्याच वाटेनें जातें. बांध टिकवावयाचा तर त्यावर जिवंत मुळ्यांचें जाळें हवें. येथें तरवडाची बरोबरी करणारीं झुडपें थोडीं आहेत. तो मुरमांत वाढतो. त्याचें सोटमूळ खोल जातें. पाण्याचा ताण तो सहन करतो. आणि मुख्य म्हणजे गुरें-शेळ्या त्यास सहसा तोंड लावीत नाहींत, म्हणून कुंपणावांचून तो जगतो. छाटला तरी बुंध्यापासून पुन्हां फुटतो. त्याच्या बुडाशीं पवन्या, मारवेल असलें गवत राहूं दिलें तर वरची माती गवत धरतें व खालची तरवड धरतो. अलीकडे बांध ‘स्वच्छ’ करण्याकरितां तणनाशक फवारण्याची किंवा यंत्रानें बांध खरवडण्याची जी चाल पडली आहे ती आम्हांस या कारणानें अनिष्ट वाटते. स्वच्छ बांध म्हणजे वाहून जाणारा बांध, हें पक्कें ध्यानांत ठेवावें.

भुंग्यांचा आश्रय

तरवडाच्या फुलांत मध नसतो. कीटक तेथें येतात ते परागासाठीं. हा पराग परागकोशाच्या टोंकाशीं असलेल्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतो. मोठा काळा भुंगा फुलास कवटाळून पंखांचे स्नायु थरथरवितो, तेव्हां मिठाच्या डबींतून मीठ उडावें तसा पराग उडतो. फुलापाशीं कान नेला तर त्या वेळचा गुणगुणाट निराळाच ऐकूं येतो. हेच भुंगे व पानें कातरणाऱ्या रानमाशा पुढें तुरीच्या फुलांवर येतात व परागवहन करतात. तूर बहुतांशीं आपल्याच परागावर फळत असली तरी कीटकांच्या येण्यानें शेंगा धरण्यास साह्य होतें. तुरीच्या फुलोऱ्याआधीं ज्या शिवारांत या कीटकांस खाद्य मिळतें तेथें ते टिकून राहतात, आणि तें खाद्य पुरविण्यांत तरवडाचा वांटा आहे.

तरवडाच्या पानांवर हिरव्या अळ्या दिसल्यास घाबरूं नये. त्या बहुधा पांढरट-पिवळसर फुलपाखरांच्या असतात व तरवड, टाकळा, बाहवा अशा झाडांवरच उपजीविका करतात. कापसावर त्या जात नाहींत. मात्र फांद्यांवर पांढरा पिठ्या ढेकूण दिसल्यास त्या फांद्या छाटून जाळाव्या, कारण तो बांधावरील झुडुपांवरून कापसांत शिरूं शकतो.

सालीचा जुना व्यापार

एके काळीं तरवडाचें मोल त्याच्या सालींत होतें. वाळलेल्या सालींत सुमारें अठरा टक्के तुरट द्रव्य असतें आणि त्यानें कातडें फिकट रंगाचें व मऊ कमावलें जातें. महाराष्ट्रांतील कातडें कमावणारे कारागीर बाभळीची साल व हिरडा यांबरोबर तरवडाचीही साल वापरीत. मद्रासकडे तर हा मोठाच व्यापार होता. तेथें तरवडास ‘आवारम’ म्हणतात, आणि त्याच्या सालीनें कमावलेलीं कातडीं इंग्लंडांत जात. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत सैनिकांच्या बुटांकरितां त्यांस विशेष मागणी आली. पुढें दक्षिण आफ्रिकेंतून वॅटल नांवाच्या झाडाची साल येऊं लागली. आणि १८८४ सालीं अमेरिकेंत शुल्झ यानें ज्या क्रोम पद्धतीचे हक्क नोंदविले होते ती पद्धतिही सर्वत्र पसरली. महिन्यांचें काम थोड्या दिवसांत होऊं लागल्यावर तरवडाच्या सालीस गिऱ्हाईक उरलें नाहीं. आज या सालीवर उत्पन्नाची आशा बांधून कोणीं लागवड करावी, असा सल्ला आम्ही देणार नाहीं. ज्यास थोडी साल हवी असेल त्यानें दोन-तीन वर्षांची फांदी छाटून तिची साल काढावी. उभ्या बुंध्याची साल सोलूं नये.

लागवडीची रीत

हिंवाळ्याच्या अखेरीस वाळलेल्या शेंगा गोळा करून बी काढावें. बियांचें कवच कठीण असतें; तशाच पेरल्या तर पुष्कळशा त्या वर्षीं उगवत नाहींत. म्हणून बी जाड वाळूबरोबर गोणपाटावर चोळावें, अथवा कढत पाणी आंचेवरून उतरवून त्यांत टाकावें व तसेंच निवूं देऊन रात्रभर भिजूं द्यावें. सकाळीं जें फुगलें असेल तें पेरावें. न फुगलेलें पुन्हां चोळावें. मृगाचा पाऊस चांगला झाल्यावर बांधाच्या उताराकडील अंगास, माथ्यापासून थोडें खालीं, हातहात अंतरावर दोन-दोन बिया टोंचाव्या. रोपें उपटून लावण्यापेक्षां जागेवरच बी टोंचणें बरें, कारण सोटमूळ दुखावलें कीं रोप खुरटतें. पहिल्या वर्षीं गवतानें रोपें दडपूं नयेत इतकी काळजी घ्यावी. तिसऱ्या वर्षापासून दरसाल एकदां छाटणी करावी, म्हणजे पिकावर सावली पडत नाहीं व पाला हातीं येतो. कांहीं शेंगा पक्व होण्यापूर्वीं तोडल्यास शेतांत अवांतर रोपेंही फारशीं होत नाहींत.

दोन सावधगिरीच्या सूचना

पहिली सूचना गायरानाविषयीं. जेथें चराई अति होते तेथें गुरें गवत खातात व तरवड सोडतात. त्यामुळें वर्षानुवर्षें गवत हटत जाऊन तरवडच उरतो. माळावर तरवड दाट झाला तर तो दोष तरवडाचा नव्हे, चराईचा होय. तरीही गायरानांत त्याची मुद्दाम भर घालूं नये. त्याची जागा बांधावर, ओघळींच्या कांठीं व पडीक उतारावर आहे.

दुसरी सूचना औषधाविषयीं. मधुमेहावर तरवडाच्या फुलांचा काढा घेण्याची चाल आहे, आणि उंदरांवरील प्रयोगांत फुलांच्या अर्कानें रक्तांतील साखर उतरल्याचें आढळलेंही आहे. परंतु उंदरांवरील प्रयोग म्हणजे माणसावरील उपचार नव्हे. काढ्याच्या भरंवशावर डॉक्टरांचें औषध बंद करणें जिवावर बेतूं शकतें.

उपसंहार

सारांश, तरवड हा नत्राचा दाता नाहीं, तो मातीचा राखणदार आहे. नत्र तागापासून व कडधान्यांपासून घ्यावा. माती तरवडाच्या स्वाधीन करावी. एखाद्या गड्यास जें काम येत नाहीं तें त्याच्याकडून अपेक्षावें, आणि जें येतें त्याची कदर करूं नये, असें आपण घरांत करीत नाहीं. मग बांधावरील या जुन्या सोबत्याच्या बाबतींत तरी कां करावें? येत्या नवरात्रांत माळेकरितां फुलें तोडावयास मुलें बांधावर जातील तेव्हां शेतकरीबंधूंनींही त्यांच्यासंगें जावें, आपल्या बांधावर तरवड किती व उघडी जागा किती हें एकवार पायीं फिरून मोजावें, आणि जेथें जागा उघडी असेल तेथें पुढील मृगांत बी टोंचण्याचा निश्चय करूनच घरीं परतावें, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.